अपघातानंतर उपचार सरकारी खर्चाने झाले तरी ज्याची चूक त्याच्याकडून पैसे कसे वसूल करायचे

मी वकील नाही. मोटार अपघाताच्या केसेस चालवणाऱ्या एका वकिलांच्या ऑफिसात कागद लावायचं काम करतो. फायली लावताना एक वाक्य इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता पाठ झालंय, "अहो, उपचार तर फुकट झाले, मग क्लेम कसला करायचा?" इथेच लोक पैसे सोडून देतात. फुकट म्हणजे तुम्हाला फुकट, खर्च कुणीतरी केलाच ना. योजनेने केला असेल, सरकारी हॉस्पिटलने केला असेल, कंपनीने केला असेल, आणि त्यातला बराचसा गुपचूप तुमच्याच खिशातून गेलेला असतो पण तुम्ही तो धरतच नाही. ज्याच्या गाडीने ठोकलं त्याच्या इन्शुरन्स कंपनीने हा खर्च भरावा अशी कायद्यात सोय आहे, फक्त कागद वेळेत लागले पाहिजेत.

आधी हे क्लियर करून घ्या की कुणी किती भरलं. अपघातात पेशंटचा खर्च साधारण चार खिशांतून होतो आणि चारही वेगळे मोजायचे असतात.

पहिला खिसा केंद्राच्या कॅशलेस योजनेचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 162 खाली मे 2025 मध्ये ही योजना नोटिफाय झाली. रस्त्यावर मोटार वाहनामुळे अपघात झाला की जखमीला अपघाताच्या तारखेपासून 7 दिवसांपर्यंत आणि 1.5 लाख रुपयांपर्यंत उपचार नेमून दिलेल्या हॉस्पिटलात कॅशलेस. तुमची इन्कम किती, रेशन कार्ड कुठलं, हे इथे विचारायचं नसतं. नेमून दिलेलं हॉस्पिटल नसेल तर तिथे फक्त पेशंट स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत बसतात. हे पैसे मोटार वाहन अपघात निधीतून येतात. ठोकणाऱ्या गाडीचा इन्शुरन्स असेल तर इन्शुरन्स कंपन्यांनी भरलेल्या पैशातून, आणि गाडी विनाइन्शुरन्स किंवा पळून गेलेली असेल तर सरकारच्या पैशातून. म्हणजे इथे वसुलीचं गणित सरकारने आतल्या आतच लावून ठेवलंय, तुम्हाला काही करायचं नाही, फक्त हा आकडा तुमच्या क्लेममध्ये स्वतःचा म्हणून घालायचा नाही.

दुसरा खिसा महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. आता दोन्ही एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथून केस नंबर आणि मंजूर पॅकेज किती रुपयांचं ते लिहून घ्या. तोंडी नको, कागदावर. योजनेत बसवूनही हॉस्पिटल वरून पैसे मागत असेल तर तिथल्या तिथे 155388 ला फोन लावा आणि जे पैसे दिलेत त्याची पावती मागा. पावती द्यायला नाही म्हणाले तरी निदान मागितल्याचा एक अर्ज तुमच्या हातात राहू द्या.

तिसरा खिसा सरकारी, महापालिकेचं किंवा धर्मादाय हॉस्पिटल, जिथे बिल शून्य किंवा शंभर-दोनशे रुपये येतं. मुख्यमंत्री सहायता निधीतून थेट हॉस्पिटलला गेलेली मदत पण याच्यातच धरा.

चौथा खिसा तुमचा. आणि खरी गंमत इथेच आहे. सरकारी हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला विचारा, रॉड-प्लेट बाहेरून आणली, इंजेक्शन बाहेरून, एमआरआय बाहेर, रक्ताची पिशवी, गावाहून येणं-जाणं, पेशंटबरोबर एक माणूस कायम म्हणजे त्याची मजुरी बुडाली, बाहेरचं जेवण, डिस्चार्जनंतर महिनोन्महिने फिजिओथेरपी. फायनल बिल शून्य आणि घरातलं मंगळसूत्र गहाण, अशा फायली आमच्याकडे नेहमीच्या. ट्रिब्युनलकडून, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात त्या कोर्टाकडून, मागायचा तो मुख्यतः हाच खिसा.

आता दुसऱ्याने भरलेल्या पैशाचं काय? हॉस्पिटलने भरलेलं बिल स्वतःचं दाखवून मागू नका. इन्शुरन्सचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि एकदा खोटं पकडलं गेलं की उरलेल्या खऱ्या बिलांवरचाही विश्वास जातो. पण मेडिक्लेमची गोष्ट वेगळी. तुम्ही स्वतः प्रीमियम भरून घेतलेल्या मेडिक्लेममधून पैसे मिळाले असतील तर ते अपघाताच्या भरपाईतून कापायचे नाहीत, असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये सांगितलंय. पॉलिसी हा तुमचा आणि तुमच्या कंपनीचा करार, ठोकणाऱ्याला त्याचा फायदा का द्यायचा? म्हणून मेडिक्लेम मिळाला असला तरी लपवू नका, बिलांच्या कॉप्या हॉस्पिटल आणि इन्शुरन्स कंपनीकडून सर्टिफाइड करून घ्या कारण ओरिजिनल कंपनीकडे जमा असतात, आणि क्लेममध्ये ते मागा.

कंपनीत कामाला असाल आणि पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर इथे जरा थांबा. कामावरची इजा म्हणून ईएसआयसीचा लाभ घेतला की त्याच इजेसाठी दुसऱ्याकडून भरपाई मागायला कायद्यात आडकाठी आहे आणि घर ते कंपनी या प्रवासातला अपघातसुद्धा काही अटींवर कामावरचा धरला जातो. म्हणून चाकणला किंवा बुटीबोरीला शिफ्टला जाताना ट्रकने उडवलं असेल तर ईएसआयसीचा अपघात रिपोर्ट भरायच्या आधी वकिलाला दाखवा, कुठला रस्ता जास्त फायद्याचा ते केसगणिक बदलतं. ईएसआयसी फक्त पैसे देत बसत नाही बरं का, वसूलपण करतं. मालकाने कामगाराचं काँट्रिब्युशन भरलंच नसेल आणि त्यामुळे लाभ अडकला तर कॉर्पोरेशन कामगाराला लाभ देऊन मालकाकडून काढतं. कारखान्यातल्या घाणेरड्या परिस्थितीमुळे कामगार नेहमीपेक्षा जास्त आजारी पडले तर तो जादा खर्चसुद्धा मालकाच्या माथी मारायची तरतूद ईएसआय कायद्यात होती.

पहिल्या आठवड्यात करायचं काम

पेशंट आयसीयूत असतो तेव्हा कागदाचं कुणाच्या डोक्यात नसतं हे मान्य. पण घरातला एक माणूस, शक्यतो डोकं शांत असलेला भाचा किंवा जावई, फक्त याच कामाला लावा.

हॉस्पिटलात पहिल्यांदा नोंद होते तेव्हा "आरटीए" म्हणजे रस्त्यावरचा अपघात असं लिहिलंय का आणि एमएलसी नंबर, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा नंबर, पडलाय का ते बघा. खूप ठिकाणी घाबरून नातेवाईक "बाथरूममध्ये पडले" असं सांगतात, पोलिसांचं लफडं नको म्हणून. हे वाक्य केस पेपरवर गेलं की संपलं, पुढे दोन वर्षं तेच खोडत बसा. पेशंट बेशुद्ध असेल आणि "अनोळखी पुरुष" म्हणून ॲडमिट झाला असेल तर ओळख पटल्यावर नाव बदलून घ्या, आधारवरचं स्पेलिंग जसं आहे तसंच. डिस्चार्ज कार्डवर वेगळं नाव, बिलावर वेगळं, एफआयआरमध्ये तिसरंच, अशी फाईल आली की आम्ही कपाळाला हात लावतो.

गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाकून इन्शुरन्स चालू आहे का, कुठल्या कंपनीचा, ते बघून स्क्रीनशॉट ठेवा. अपघाताच्या तारखेला चालू होता का हे महत्त्वाचं, आज चालू आहे ते नाही. कधीकधी अपघातानंतर संध्याकाळी पॉलिसी काढलेली असते, म्हणून तारखेबरोबर वेळही बघायची.

एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचा पंचनामा, ड्रायव्हरचं लायसन्स, आरसी, पॉलिसी, आरटीओचा तपासणी रिपोर्ट, हे सगळं पोलिसांकडे तयार होतं. फिर्याद तुम्ही दिली असेल तर एफआयआरची कॉपी फुकट मिळते, त्यासाठी चहापाणी लागत नाही. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल ट्रिब्युनलला आणि इन्शुरन्स कंपनीला द्यायचा असतो आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल, त्यालाच डीएआर म्हणतात. कोर्टातले जुने लोक अजून "फॉर्म एए आणलाय का" असंच विचारतात, तो पोलिसांच्या अपघात अहवालाचा जुना फॉर्म, गोंधळू नका. तपास अधिकारी तुमच्याकडून पीडिताचा फॉर्म भरून घेतो, त्यात नोकरी, पगार, घरातली माणसं, झालेला खर्च सगळं येतं, तो फॉर्म "नंतर बघू" म्हणून टाळू नका कारण पुढे कोर्टात सांगितलेलं आणि त्यात लिहिलेलं जुळवून बघितलं जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडीमालकाचा माणूस फळं घेऊन येतो. गोड बोलतो, दहा-वीस हजार पुढे करतो आणि शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर "आमची काही तक्रार नाही" लिहून मागतो. पैसे घ्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न, अडचणीच्या वेळी माणूस घेतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण सही करायची नाही. घेतलेच तर "उपचारासाठी तात्पुरती मदत" एवढंच लिहा.

बिलं कशी सांभाळायची

"बाहेरून आणा" म्हणून डॉक्टर जी चिठ्ठी देतात ती चिठ्ठी हीच खरी पुराव्याची गोष्ट आहे आणि लोक ती मेडिकलवाल्याकडेच ठेवून येतात. चिठ्ठी आणि बिल एकत्र टाचून ठेवा. बिलावर पेशंटचं नाव, तारीख, दुकानाचा लायसन्स नंबर असला पाहिजे. इम्प्लांट आणलं असेल तर त्याचं स्टिकर केस पेपरला लावलेलं असतं, त्याचा फोटो काढा. मेडिकलची बिलं थर्मल कागदावर येतात आणि सहा महिन्यांत कोरी होतात, कोर्टात कोरा कागद दाखवून काय उपयोग, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स.

108 ची ॲम्ब्युलन्स फुकट असते, प्रायव्हेट केली असेल तर पावती घ्या, पावतीबुक नसेल तर ड्रायव्हरकडून साध्या कागदावर गाडी नंबर, कुठून कुठे, किती रुपये, सही. रिक्षाचं बिल कुणी देत नाही हे कोर्टालाही माहीत असतं, प्रवासाचा खर्च अंदाजाने दिला जातो, पण तुम्ही किती वेळा फॉलोअपला गेलात हे ओपीडीच्या तारखांवरून दिसतं, म्हणून ते पेपर टाकू नका.

आता बिल शून्य असलेल्या खर्चाबद्दल. सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात जखमी माणसाला कुठल्या कुठल्या गोष्टींसाठी भरपाई द्यायची ते नीट मांडून दिलंय. औषधोपचार, हॉस्पिटल, प्रवास, पौष्टिक आहार हे एक, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, पुढे अपंगत्वामुळे बुडणारी कमाई, पुढचा उपचाराचा खर्च, आणि वेदना वगैरे. यातल्या पहिल्या हेडखाली तुमचं बिल कमी असलं तरी बाकीची हेड उघडीच असतात. पेशंटची बायको किंवा आई तीन महिने उशाशी बसली तर तिच्या सेवेचेही पैसे मागता येतात, घरच्या माणसाने केलं म्हणून ती सेवा फुकट धरायची नाही. रॉड काढायचं ऑपरेशन वर्षा-दीड वर्षाने होणार असेल तर त्याचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून आत्ताच लेटरहेडवर लिहून घ्या.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट जिल्हा रुग्णालयातून मिळतं. त्यावरचा टक्का म्हणजे कमाई तेवढीच बुडाली असं नाही. पाय 40 टक्के गेलेला कारकून काम करत राहतो, पण तोच टक्का गवंड्याला किंवा ऊसतोड कामगाराला घरी बसवतो, तेव्हा ट्रिब्युनल त्याच्या धंद्याप्रमाणे बघतं. इथे डॉक्टरची साक्ष लागते आणि सरकारी डॉक्टरला कोर्टात आणणं हे खरंच जिकिरीचं काम, समन्स काढावं लागतं, बदली झालेली असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर आधीच लिहून ठेवा, नंतर शोधणं फार अवघड जातं.

क्लेम कुठे आणि कधी

मोटार अपघात दावा ट्रिब्युनल जिल्हा न्यायालयात असतं. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही जिथे राहता तिथे, किंवा समोरची पार्टी जिथे राहते तिथे, तिन्हीपैकी कुठेही अर्ज करता येतो. सोलापूरजवळ अपघात झाला आणि तुम्ही नाशिकला राहता तर नाशिकलाच टाका ना, उगाच तारखेला सोलापूर कशाला.

मुदत सहा महिने. एप्रिल 2022 पासून ही अट परत आलीय, त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती म्हणून गावाकडे अजून लोक म्हणतात "अपघाताच्या केसला मुदत नसते." या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टाने तात्पुरतं सांगितलं की उशीर झाला एवढ्यावरून अर्ज फेटाळू नका. पण तात्पुरत्या आदेशावर कशाला विसंबायचं, सहा महिन्यांच्या आतच टाका. उशीर होऊन गेला असेल तरी मात्र वकिलाला भेटल्याशिवाय सोडून देऊ नका.

दोन रस्ते असतात. कलम 166 खाली समोरच्याची चूक सिद्ध करायची आणि नुकसान जेवढं तेवढं मागायचं. कलम 164 खाली चूक कुणाची ते दाखवावं लागत नाही, पण रक्कम ठरलेली, मृत्यूला 5 लाख आणि गंभीर इजेला 2.5 लाख. चूक थोडी तुमचीपण असेल, राँग साईडने येत होतात किंवा ट्रिपल सीट होतात, तर 166 मध्ये तेवढा टक्का कापला जातो, तो मेडिकल खर्चातूनही कापला जातो. कुठला रस्ता घ्यायचा हे हिशोब मांडून ठरवा, घाईत नको.

अर्जात समोरची पार्टी म्हणून ड्रायव्हर, मालक आणि इन्शुरन्स कंपनी तिघांनाही जोडायचं. इन्शुरन्स कंपनी म्हणेल की ड्रायव्हरचं लायसन्स नव्हतं, पॉलिसीच्या अटी मोडल्या, आम्ही देणार नाही. अशा केसमध्ये बऱ्याचदा ट्रिब्युनल "आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश देतं. मालक आणि कंपनीचं भांडण त्यांचं त्यांच्यात.

कंपनीकडून सेटलमेंटची ऑफर येते. कलम 149 प्रमाणे कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ट्रिब्युनलपुढे ऑफर ठेवायची आणि तुम्हाला पटली तर तिथेच निकाल. नाहीतर राष्ट्रीय लोक अदालतीत मिटतं. लोक अदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा ऐकून मान डोलवायच्या आधी चौथ्या खिशाची बेरीज, पुढचं ऑपरेशन आणि बुडालेला पगार एका कागदावर मांडून बघा. समजा कॅशलेसमध्ये 1.5 लाख गेले, तुमच्या खिशातून 1.3 लाख, सहा महिने पगार नाही महिना 18 हजार, म्हणजे 1.08 लाख, आणि रॉड काढायला 40 हजार. कॅशलेसचे सोडून हेच 2.78 लाख झाले, अजून वेदना, आहार, अपंगत्व धरलेलंच नाही. कंपनी दीड लाखाला "फायनल" म्हणत असेल तर नाही म्हणा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. बायकांना, मुलांना, एससी-एसटी लोकांना, अपंगांना इन्कम न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांपर्यंतची मर्यादा आहे. हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटत फिरणाऱ्या एजंटला टक्क्यावर केस देऊ नका एवढंच सांगतो.

गाडी पळून गेली तर

हिट अँड रन असेल तर ट्रिब्युनलकडे नाही, प्रांत किंवा तहसीलदाराकडे अर्ज करायचा, म्हणजे दावा चौकशी अधिकाऱ्याकडे. मृत्यूला 2 लाख, गंभीर इजेला 50 हजार. मंजुरी कलेक्टर देतात. अर्जाबरोबर एक हमीपत्र घेतात, पुढे ती गाडी सापडली आणि दुसरीकडून भरपाई मिळाली तर हे पैसे परत करीन असं. हे वाचून लोक घाबरतात, पण घाबरण्यासारखं काही नाही, फक्त एकाच अपघाताचे डबल घ्यायचे नाहीत एवढाच अर्थ. म्हणून हिट अँड रनचे 50 हजार घेतले तरी सीसीटीव्हीचा पाठपुरावा सोडू नका, टोलनाक्याचं फुटेज फार दिवस ठेवत नाहीत, पहिल्याच दिवशी पोलिसांना लेखी द्या.

कुणाची मुलंबाळं परदेशात असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने, अपघाताचा उपचार केला आणि पेशंटला भरपाई मिळाली तर एनएचएसचा खर्च ठरलेल्या दराने सरकारचं एक युनिट थेट इन्शुरन्स कंपनीकडून वसूल करतं, पेशंटच्या पैशाला हात लागत नाही. अमेरिकेत उलटं, मेडिकेअरवर, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्य विम्यावर, असलेल्या आई-वडिलांचा अपघात झाला आणि सेटलमेंट मिळाली तर मेडिकेअर आपला खर्च त्या सेटलमेंटमधून परत मागतं, तो आकडा आधी मागवल्याशिवाय सही करू नका.

निकाल लागल्यावर

आदेशानंतर 30 दिवसांत पैसे जमा व्हायला पाहिजेत, वर अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज ट्रिब्युनल लावू शकतं. पेशंटच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आधीच उघडून ठेवा, जनधनचं असेल तर रकमेची मर्यादा बँकेत विचारून घ्या. मोठ्या रकमेतला काही भाग कोर्ट एफडीत टाकायला लावतं, विशेषतः अल्पवयीन किंवा विधवा असेल तर, त्यावर चिडू नका, ऑपरेशनसाठी लागले तर अर्ज करून मधेच काढता येतात.

गाडीचा इन्शुरन्सच नसेल तर वसुली मालकाकडून आणि इथे खरी दमछाक होते. अशी गाडी मालकाने पुरेशी सिक्युरिटी दिल्याशिवाय सोडायची नसते, म्हणून इन्शुरन्स नाही असं कळल्याबरोबर गाडी सोडू नका असा अर्ज कोर्टात द्या, गाडी एकदा सुटली की भंगारात विकलेलीच समजा. आणि आदेश होऊनही मालक पैसे भरत नसेल तर कलम 174 खाली ट्रिब्युनलकडून कलेक्टरच्या नावाने सर्टिफिकेट मागा. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे तलाठ्यामार्फत मालकाच्या सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. त्यासाठी मालकाच्या नावावर कुठे काय जमीन आहे त्याचे ऑनलाइन उतारे तुम्हीच काढून अर्जाला जोडा, तहसील ऑफिस ते शोधत बसणार नाही.